साडेबाराचा खटका

(अंधारं घर. मीटरच्या कपाटातून एक खटका ऐकू येतो.)

ऐकलंत? रात्रीचे साडेबारा वाजलेत. पूर्व लंडनमधल्या या टॉवरच्या आठव्या मजल्यावर आता स्वस्त वीज सुरू झाली. सकाळी साडेसातपर्यंत चालेल. तेवढ्या वेळात भिंतीलगतचं हे पत्र्याचं खोकं तापणार आणि उद्या दिवसभर घर उबदार ठेवणार. निदान तशी अपेक्षा आहे.

याला म्हणतात स्टोरेज हीटर. पत्रा काढला तर आत चक्क विटा. जड, घट्ट विटा, मधून तारा आणि भोवती जाड आवरण. मोठा हीटर शंभर किलोच्या पुढे भरतो. नागपूरचा मे महिन्यातला स्लॅब आठवा, दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर आपल्याला भाजतो. इथे तेच, फक्त पाळी उलटी.

भाड्याचं घर बघायला आलो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला होता, "गॅस का नाही?" उत्तर इथून फार लांब नाही. 16 मे 1968 च्या पहाटे कॅनिंग टाऊनमधल्या रोनन पॉइंट या नव्याकोऱ्या टॉवरमध्ये गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार जणांचा जीव गेला. त्यानंतर अशा बांधणीच्या कितीतरी टॉवरमधून गॅस काढला गेला. ऊब हवी, तर विजेवर.

आणि वीज रात्री स्वस्त होती. कोळशाची आणि अणुवीज केंद्रं संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाहीत. रात्री घेणारं कुणी नसेल तर वीज स्वस्तात विकायची, असा तो हिशेब. 1978 मध्ये त्याला नाव मिळालं, इकॉनॉमी सेव्हन. सात तास स्वस्त, बाकी सतरा तास महाग.

(जुना रेडिओ. बातम्यांचा खरखरता आवाज.)

आता गंमत बघा. लाखो घरांत हा खटका दाबत होता बीबीसीचा रेडिओ 4! लाँग वेव्हवर, 198 किलोहर्ट्झवर, बातम्या आणि हवामानाच्या आडून मीटरला निरोप जायचा. ऐकणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. पण प्रक्षेपकाच्या भल्यामोठ्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, आता कुणी बनवत नाही. 30 जून 2025 ही सेवा बंद होण्याची तारीख ठरली, मग तेही टप्प्याटप्प्याने करायचं ठरलं. ज्यांचं मीटर बदललं नाही, त्यांचा हीटर कायमचा चालू राहील किंवा कायमचा बंद, अशी भीती.

मीटर बदलायला माणूस आला की सोबत नवे दरही येतात. ऑक्टोपस या कंपनीच्या कोझी दरात स्वस्त वीज पहाटे 4 ते 7, दुपारी 1 ते 4 आणि रात्री 10 ते 12. दुपारीसुद्धा! कारण आता वीज सूर्याची आणि वाऱ्याचीही आहे. आपल्याकडे महावितरणनंही टीओडी (वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरच्या घरगुती ग्राहकांना सवलत दिली, ती सकाळी 9 ते संध्याकाळी 5. तीही त्याच सूर्यामुळे.

मग घ्या की कोझी. इथेच पाय अडकतो. जुन्या स्टोरेज हीटरची वायरिंगच वेगळी, तिच्यात वीज येते ती फक्त रात्रीच्या तासांत. दुपारची स्वस्त वीज त्याच्या दारावरून निघून जाते. विजेचे दर वर्षाला बदलतात, हीटर वीस वीस वर्षं भिंतीला असतो. माझ्या मते हीटर निवडताना वॉटच्या आधी हे विचारावं, की उद्या स्वस्त तास सरकले तर हा सरकेल का?

दुकानदार काहीही सांगो, तेलाचा रेडिएटर, पॅनेल, इन्फ्रारेड, सगळ्यांत एका युनिट विजेची एका युनिटएवढीच उष्णता होते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून एकाची तीन करतो. 2025 च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये सरकारी कमाल दरानं वीज सरासरी युनिटला 25.73 पेन्स होती, म्हणजे पंपाची उष्णता साडेआठ पेन्सच्या आसपास. गॅसचा दर होता 6.33. पंप गॅसच्या जवळ पोचतो, स्वस्त तासांत चालवला तर पुढेही जातो. पण आठव्या मजल्यावरच्या भाडेकरूनं तो टांगायचा कुठे? घरमालकाला विचारलं. "बघू," म्हणाले. घरमालक सगळीकडे सारखेच.

तोवर दोन बटणं. इनपुट म्हणजे रात्री किती साठवायचं, आउटपुट म्हणजे किती सोडायचं. पहिल्या हिवाळ्यात आम्ही आउटपुट रात्रभर उघडं ठेवलं. झोपेत घामाघूम, आणि दुपारनंतर स्वेटरवर स्वेटर. आता झोपताना ते बंद असतं आणि इनपुट उद्याच्या हवामानाकडे बघून.

(डिसेंबर. खिडकीबाहेर दिवे लागलेत.)

दुपारचे चार. सूर्य मावळला, मुलं शाळेतून आली. कोझी घेतलं असतं तर सर्वांत महाग वीज आत्ता सुरू झाली असती, सातपर्यंत. हीटरला हात लावून बघते. कोमट आहे. साडेबाराला अजून साडेआठ तास.