आधी छप्पर, मग विमान

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ या लढाऊ विमानांना हवाई दलानं निरोप दिला. १९६३पासून सेवेत असलेलं विमान, आठशेहून अधिक संख्येनं आपल्याकडे आलेलं. त्यातली कितीतरी आपल्याच राज्यात, नाशिकजवळ ओझरला बांधली गेली. निरोप समारंभ झाला आणि तेव्हापासून भेटेल तो एकच विचारतो, ‘कोल्हापूरला एखादं मिळेल का हो?’

मिळेलही. अर्जविनंत्या करून, खेटे घालून अनेक गावांनी विमानं मिळवली आहेत. पण मिळाल्यावर आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. चौक, चौथरा, मधोमध लोखंडी खांब, त्यावर नाक आभाळाकडे करून बसवलेलं विमान, खाली कारंजं आणि उद्‌घाटकांच्या नावांची संगमरवरी फरशी. फरशी टिकते. मी आज विमानाबद्दल बोलणार आहे.

विमानाचा पत्रा म्हणजे ड्युरॅल्युमिन, ॲल्युमिनियममध्ये साधारण चार टक्के तांबं घातलेला मिश्रधातू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत तो सापडला आणि विमानं हलकी असून मजबूत झाली. पण या तांब्यानंच त्याला गंजाची खोड लावली. ॲल्युमिनियमचा गंज लाल नसतो, म्हणून तो आपल्याला गंज वाटतच नाही. रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसते, आपण फडक्यानं पुसतो आणि पुढे जातो. खरा खेळ आत चाललेला असतो. धातूच्या कणांच्या सीमेवरून गंज आत शिरतो, पत्रा फुगतो आणि एक दिवस बेकरीतल्या खारीसारखे त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. तिथं रंग लावून काही उपयोग नाही. रंगाखाली ओल कोंडते आणि काम आणखी जोरात चालतं.

आता यात आपला पाऊस घाला. विमान जमिनीवर सरळ उभं राहावं असं बनवलेलं असतं. पोटाला बारीक छिद्रं ठेवलेली असतात, आत गेलेलं पाणी त्यांतून निथळतं. तुम्ही ते नाक वर करून खांबावर चढवलंत की सगळं पाणी शेपटीकडे जातं, आणि तिथं छिद्र असेलच असं नाही. असलं तरी पारव्यांची पिसं, गांधीलमाशीचं मातीचं घर आणि आपण मारलेला ऑइलपेंट यांनी ते बुजलेलं असतं. शिवाय खांब पोलादाचा, पत्रा ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू, मधे पाणी. दहावीतल्या पोरालाही कळेल की तिथं एक बॅटरी तयार झाली, आणि त्या बॅटरीत झिजणार तो ॲल्युमिनियम. म्हणजे ज्या जागी विमान धरून ठेवलंय तीच जागा आधी खचणार. कारंजाचे तुषार वर्षभर ही बॅटरी चालू ठेवतात, तेवढी पालिकेची कृपा.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. छप्पर नसेल तर विमान मागू नका. साधी पत्र्याची शेड चालेल. चारी बाजूंनी हवा खेळती, जमीन कोरडी, चाकांवरचा भार काढून विमान लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, टेकवलेलं. आणि जागा पूररेषेच्या बाहेर. २०१९ आणि २०२१चे पूर ज्यांनी शाहूपुरीत पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

लष्करी विमानांचं जतन म्हटलं की माझ्यासमोर कानपूर येतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ब्रिटनला उधारउसनवारीच्या करारानं बी-२४ लिबरेटर बॉम्बर दिले होते. चार इंजिनांची ही धूडं १८ हजारांहून अधिक बनली. युद्ध संपलं तेव्हा त्यांचा मोठा ताफा भारतात होता. करार असा की विमानं परत करा, नाहीतर निकामी करा. परत नेण्याचा खर्च कोण करणार? मग कानपूरला विमानं ओळीनं लावून ठोकून काढली, आपटली, पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत अशी करून टाकली आणि इंग्रज निघून गेले.

१९४७नंतर आपल्या नव्या हवाई दलाला बॉम्बर हवे होते आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कारखान्याची माणसं त्या भंगाराच्या ढिगात उतरली. एकाचा पंख, दुसऱ्याची शेपूट, तिसऱ्याचं इंजिन असं जुळवत विमान जेमतेम उडेल इतकं उभं करायचं, आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शींनी ते कानपूरहून बंगळूरला उडवत न्यायचं. तिथं त्याची खरी दुरुस्ती व्हायची. अशी चाळीसच्या आसपास विमानं या माणसांनी जिवंत केली. ती १९६८पर्यंत आपल्या हवाई दलात होती.

गंमत पुढे आहे. तोवर बाकीच्या जगानं आपापले बहुतेक लिबरेटर वितळवून टाकले होते. आपली विमानं निवृत्त झाली तेव्हा परदेशी संग्रहालयांच्या लक्षात आलं की हे विमान आता मुख्यतः भारतातच शिल्लक आहे. एक कॅनडाला गेलं, एक १९७४मध्ये उडतच ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात गेलं, एक अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयात आहे. आपल्याकडचं दिल्लीत पालमला हवाई दलाच्या संग्रहालयात पाहायला मिळतं. ज्यांनी ती ठोकून मोडली, त्यांच्याच संग्रहालयात आपण जोडलेलं विमान उभं आहे! कानपूरच्या त्या फिटरांना जतन वगैरे काही करायचं नव्हतं. त्यांना विमान हवं होतं. पण त्यांच्या हातून जे झालं त्याला तोड नाही.

पालमला जाल तेव्हा घाई करू नका. वापिटी नावाचं जुनं दुपंखी विमान तिथं आहे. १ एप्रिल १९३३ला कराचीत आपली पहिली स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली ती अशा चार वापिटींवर. हरिकेन आहे, स्पिटफायर आहे, आणि जपानी आत्मघाती विमान ओका आहे. ओकाजवळ मात्र उभं राहवत नाही मला. ते परत येण्यासाठी बनवलेलंच नव्हतं.

उडतं ठेवायचं की उभं, हा या क्षेत्रातला जुना वाद. आपल्या हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटकडे, म्हणजे जुनी विमानं उडती ठेवणाऱ्या तुकडीकडे, टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही प्रशिक्षण विमानं आणि डकोटा हे मालवाहू विमान आहे. डकोटाचं नाव परशुराम. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी आपल्या वडिलांच्या, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांच्या सन्मानार्थ ते विकत घेऊन, ब्रिटनमध्ये दुरुस्त करून हवाई दलाला दिलं. २०१८च्या मे महिन्यात ते दिल्लीजवळच्या हिंडन तळावर दाखल झालं. त्यावर व्हीपी-९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डकोटाचा तो क्रमांक. म्हणजे विमान ते नव्हे, मान त्याचा. मला यात गैर काही वाटत नाही, फक्त पाटीवर तसं स्पष्ट लिहावं. पण ज्या नमुन्याचं एकच विमान उरलंय ते उडवू नये, या मताचा मी आहे. उडवायचं म्हटलं की सुरक्षेसाठी जुना भाग काढून नवा घालावाच लागतो आणि हळूहळू जुनं असं काही उरत नाही. धोका वेगळाच. अमेरिकेत २०१९मध्ये एक जुनं बी-१७ बॉम्बर पडलं, सात माणसं गेली. २०२२मध्ये डॅलसला प्रदर्शनात दोन जुनी विमानं हवेत धडकली, सहाजण गेले.

कॉकपिटविषयी एक सावधगिरी सांगतो. अंधारात दिसावेत म्हणून जुन्या घड्याळांच्या काट्यांना रेडियमचा रंग असायचा. तो रंग काही वर्षांत चमकायचा थांबतो, रेडियम थांबत नाही. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं. जुन्या बाजारात असं एखादं विमानाचं यंत्र मिळालं तर काच उघडून काटे खरवडू नका, मुलांच्या हातात देऊ नका. तसंच इजेक्शन सीट, संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची. तिच्यातली स्फोटक काडतुसं काढल्याचा लेखी दाखला हातात आल्याशिवाय विमान ताब्यात घेऊ नका.

आता आपल्या गावाकडे येतो. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा जिथं घडवला ते हे गाव. विमानाचा एखादा भाग हरवला असेल तर उद्यमनगरातला पॅटर्नमेकर साच्यासाठी लाकडाचा पॅटर्न करील, शिरोलीत कास्टिंग पडेल, लेथवर ते साफ होईल. उडायचं नसल्यामुळे विमानाच्या दर्जाचा धातू लागत नाही. अट एकच, नव्या भागावर आतल्या बाजूला साल कोरायचं. पन्नास वर्षांनी कुणी उघडलं तर मूळचं कोणतं आणि आपलं कोणतं ते त्याला कळलं पाहिजे. आणि सँडब्लास्टिंगवाल्याला विमानाच्या आसपास फिरकू देऊ नका. पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, तोच त्याचं संरक्षण करतो. वाळूच्या माऱ्यात आधी तो जातो. जुन्या रंगाखाली स्क्वॉड्रनचं चिन्ह, जुना क्रमांक असतो, तोही जातो.

युद्धाची आठवण सांभाळायची आपल्याला सवय नाही असंही नाही. वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सात कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे. त्यात एकही रणगाडा नाही की विमान नाही. फोटो, पत्रं, माणसं यांच्यावर ते उभं आहे. सैनिक टाकळीसारखी फौजींची गावं आपल्या जिल्ह्यात आहेत. कितीतरी घरांतल्या ट्रंकेत लॉगबुक, सर्व्हिसची कागदपत्रं, तळावरचे ग्रुप फोटो पडून आहेत. विमान यायचं तेव्हा येईल, हे काम उद्यापासून सुरू करता येतं. कागदांना लॅमिनेशन करू नका, फाटलेल्याला सेलोटेप लावू नका. फोटोमागे नावं लिहा, पण पेन्सिलीनं. आणि म्हातारा माणूस घरात आहे तोवर त्याला विचारून लिहा. कागद थांबतो, माणूस थांबत नाही.

शेवटी एका ताईंनी विचारलं की विमान आलं तर मुलांना आत बसू द्यायचं का. मूळ विमानात नाही. पंखावर जिथं पाय ठेवू नये असं लिहिलेलं असतं तिथंच आपण पाय ठेवतो, आणि कॉकपिटमधली बटणं महिनाभरात जातात. पण मुलांना बसायला तर मिळालंच पाहिजे. शेजारी कॉकपिटची प्रतिकृती करा. लोखंडी सांगाडा, खुर्ची, हलणारा दांडा, दाबता येतील अशी बटणं. ती मोडेल, आणि मोडली की उद्यमनगरातून कुणीतरी येऊन दुपारपर्यंत नीट करून जाईल.