आराखडा कागदावर, हक्क जमिनीवर

[दृश्य: वॉशिंग्टन शहराचा जुना नकाशा. तिरक्या, रुंद रस्त्यांवरून सरकणारा कॅमेरा.]

हा नकाशा १७९१ सालचा. पोटोमॅक नदीकाठी अमेरिकेची नवी राजधानी वसवायची होती आणि ती कशी असावी हे कागदावर मांडलं पिएर शार्ल लाँफाँ या फ्रेंच अभियंत्यानं. हे तिरके हमरस्ते त्याचे. संसदेसाठी टेकडीवरची जागाही त्यानंच हेरली.

त्याच वर्षी डिसेंबरात, राजधानीसाठी जमीन देणाऱ्या मेरीलँड राज्याच्या विधिमंडळानं एक कायदा केला. राजधानी लवकर उभी राहायला हवी होती, पण पैशांची खात्री नसेल तर कारागीर उधारीवर राबणार कसे? म्हणून ठरलं, की बांधणाऱ्याचे पैसे थकले तर त्याचा हक्क त्या इमारतीवरच चढेल. थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन या कल्पनेच्या पाठीशी होते. अमेरिकेतला हा पहिला मेकॅनिक्स लिएन, म्हणजे थकलेल्या पैशांपोटी मालमत्तेवर चढणाऱ्या हक्काचा, कायदा. गवंडी, सुतार, लोहार अशा हातानं काम करणाऱ्यांसाठीचा.

नकाशा काढणारा त्यात नव्हता. लाँफाँचं शहराच्या आयुक्तांशी बिनसलं आणि १७९२ च्या फेब्रुवारीत त्याला कामावरून काढलं. तो हट्टी होता, कुणाचं ऐकून घ्यायचा नाही, हे खरं. ५०० गिनी आणि शहरातला एक प्लॉट देऊ केला तोही त्यानं नाकारला. पुढे ९५,५०० डॉलरचा दावा घेऊन तो वर्षानुवर्षं अमेरिकी संसदेच्या दारी खेटे घालत राहिला. जे थोडंफार मिळालं ते देणेकऱ्यांच्या घशात गेलं. १८२५ मध्ये तो वारला, तेव्हा मागे उरली तीन घड्याळं, तीन होकायंत्रं, काही पुस्तकं, नकाशे आणि मोजणीची अवजारं. सगळं मिळून पन्नास डॉलरचंही नव्हतं.

स्वभाव कसाही असो, त्याच्या रेषांवर आज एक राजधानी उभी आहे.

[दृश्य: रिकामा प्लॉट. कुंपणावर बांधकाम परवान्याची प्रत.]

गवंड्याचं काम डोळ्यांना दिसतं. पण आर्किटेक्टनं सहा महिने खपून नकाशे काढले, स्ट्रक्चरल इंजिनिअरनं हिशेब मांडले, परवाना हातात आला, आणि मालकानं काम सुरूच केलं नाही तर? जागेवर एक खड्डासुद्धा नाही. मग हक्क सांगायचा कशावर?

माझ्या मते उत्तर त्या परवान्यातच आहे. नुसता प्लॉट आणि मंजूर नकाशासह प्लॉट यांचा भाव एक नसतो. वाढलेला भाव ज्याच्या डोक्यातून आला, त्याचा त्या जमिनीवर हक्क का नसावा?

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत कामगार आणि माल पुरवणाऱ्यांचा लिएन १८७९ पासून आहे. शिवाय आर्किटेक्ट, लँडस्केप आर्किटेक्ट, नोंदणीकृत इंजिनिअर आणि सर्वेअर यांच्यासाठी तिथल्या दिवाणी संहितेत वेगळा लिएन आहे, आणि तो बांधकाम सुरू होण्याआधीचा आहे. आपल्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा चढतो, तसा हा थकलेल्या फीचा बोजा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दप्तरी चढतो. तो दिसला की घेणारा बिचकतो, बँक हात आखडता घेते, आणि महिनोन्‌महिने फोन न उचलणारा मालक स्वतःहून फोन करतो.

[दृश्य: काउंटर. एक कागद, त्यावर शिक्का.]

लिएनच्या नोंदीचा हा कागद जवळून बघा. आर्किटेक्टचं नाव, थकलेली रक्कम, आजच्या मालकाचं नाव, जमिनीचं कायदेशीर वर्णन आणि परवान्याची ओळख. परवान्याशिवाय हा लिएन नाही. जमीनमालकाशी लेखी करार नसेल तरी नाही. नोंदणीच्या किमान दहा दिवस आधी रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड टपालानं पैशांची मागणी केलेली असावी लागते. काम सुरू होणार नाही हे कळल्यापासून, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून, ९० दिवसांत नोंद करावी लागते. नोंदीनंतर आणखी ९० दिवसांत दावा लावला नाही, तर ती नोंद मावळते. आणि सगळ्यात घातक अट ही, की नोंद होते त्या दिवशी जमीन करार करणाऱ्याच मालकाच्या नावावर हवी. मध्येच विकली गेली, तर हा हक्क गेला. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्या मालकावर विसंबून राहणं इथे फार महागात पडतं.

मालकाशी लेखी करार हवा, या एका अटीत मोठा अन्याय दडला आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बहुतेक वेळा मालक नेमत नाही, आर्किटेक्ट नेमतो. म्हणजे तुळया-खांबांचा सगळा हिशेब ज्यानं केला, तोच या लिएनच्या बाहेर. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये डिझाइनच्या ऑफिसांत काम करणारे मराठी इंजिनिअर थोडे नाहीत. त्यांनी कराराचं पहिलं पान या नजरेनं जरूर वाचावं.

टेक्सासमध्येही पूर्वी मालकाशी थेट लेखी करार लागायचा. १ जानेवारी २०२२ पासूनच्या करारांना लागू झालेल्या सुधारणेनं ही भिंत पाडली. आता कंत्राटदाराच्या किंवा उपकंत्राटदाराच्या हाताखाली काम केलेला आर्किटेक्ट, इंजिनिअर, सर्वेअरही लिएन मागू शकतो. मात्र त्याचा क्रम नोंदणीच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे आधी नोंदलेलं बँकेचं गहाणखत त्याच्या पुढेच राहतं. न्यूयॉर्कनं तर जमिनीवरच्या सुधारणेच्या व्याख्येतच नकाशे आणि मोजणी घातली आहे. सरकारी जमिनीवर मात्र लिएन चढत नाही. संघराज्याच्या बांधकामांसाठी १९३५ च्या मिलर कायद्यानं त्याऐवजी कंत्राटदाराकडून पेमेंट बाँड, म्हणजे हाताखालच्यांचे पैसे चुकते होण्याची हमी, घेतला जातो.

[दृश्य: पुण्यातलं आर्किटेक्टचं ऑफिस. टेबलावर गुंडाळलेली ड्रॉइंग्ज.]

आपल्याकडे थकलेल्या फीसाठी आर्किटेक्टला असा जमिनीवरचा हक्क नाही. १८७२ च्या करार कायद्यातला लिएन हातात असलेल्या वस्तूवर चालतो, दुसऱ्याच्या प्लॉटवर नाही. आधार आहे तो २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग, विकास कायद्याचा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी केलेल्या ऑफिसचे पैसे कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि याच कायद्याखालच्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. साधन चांगलं आहे, पण ते बिल्डरच्या कंपनीमागे धावतं. कंपनी दिवाळखोरीत निघाली, की आर्किटेक्ट ठरतो ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे माल किंवा सेवेचे पैसे येणं असलेला, आणि तारण असलेल्या बँकांच्या मागे रांगेत उभा राहतो. त्याच्या सहीचा मंजूर नकाशा मात्र जमिनीबरोबर विकला जातो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नकाशा ज्या प्लॉटसाठी मंजूर झाला, त्याच प्लॉटच्या इतर हक्कांत थकलेल्या फीची नोंद करता यावी. मुदत कडक ठेवा, मागणीची नोटीस सक्तीची करा, खोट्या नोंदीला दंड लावा. आणि आर्किटेक्टच्या हाताखालच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्याच मसुद्यात जागा द्या.