कुरुंद: धारवाल्याचा दगड आणि माणकाचे नाव

नमस्कार. बडोद्यात मांडवीच्या बाजूला सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा सराणिया आजही अधूनमधून दिसतो. त्याच्या चाकासाठी पूर्वी जी पूड लाखेत कालवून थापत असत, तिचा मूळ दगड आज माझ्या हातात आहे.

(दगड कॅमेऱ्याजवळ.) रंग मळकट तपकिरी आणि आकार सहा बाजूंच्या पिंपासारखा, मध्ये फुगीर. हा गारगोटीवर ओढला, तर ओरखडा गारगोटीवर उमटतो. मोहसच्या कठिणतेच्या मापात गारगोटी ७ वर आहे, हा ९ वर आणि याच्या वर फक्त हिरा.

मराठीत याला कुरुंद म्हणतात, संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम. इंग्रजीतले ‘कोरंडम’ याच शब्दाचे परदेशी रूप आहे. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातून आलेल्या या दगडावर निबंध मांडला, तोही याच नावाने. त्यामुळे आपली मुले शाळेत ‘कोरंडम’ असे पाठ करतात, तेव्हा घरचाच शब्द परदेशी उच्चारात घोकत असतात, याची मला थोडी गंमत वाटते.

मला या नावात विशेष वाटते ते असे, की संस्कृत रत्नशास्त्रात कुरुविंद हा माणकाचाच एक प्रकार मानलेला आहे. म्हणजे सराफाच्या पेढीवरचे रत्न आणि सुरीला धार लावणारा खरबरीत दगड यांच्यासाठी एकच शब्द वापरला गेला, आणि रसायनशास्त्राचा निष्कर्षही पुढे तोच निघाला. दोन्ही म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच. त्यात क्रोमियमचा अंश आला की तांबडे माणिक होते, लोह आणि टायटॅनियम आले की निळा नीलम. नीलमाच्या ‘सफायर’ या नावाची गोष्ट मात्र उलटी आहे: ग्रीक ‘साप्फेइरोस’ हा शब्द प्राचीन काळी बहुधा लाजवर्दासाठी, म्हणजे अगदी वेगळ्याच निळ्या दगडासाठी, वापरला जात असे.

राहता राहिला एमरी, म्हणजे घासण्या-धारेच्याच कामाचा दुसरा दगड. त्याचे नाव ग्रीक ‘स्मीरिस’वरून आले आहे. त्यात कुरुंदाबरोबर मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारे लोहाचे काळे खनिज, मिसळलेले असते, म्हणून त्याची पूड काळपट दिसते, आणि असा लोहचुंबक जवळ नेला की त्यातले कण टोकाला येऊन चिकटतात. (चुंबक पुडीजवळ.) हे पाहा.