ओढायचं, वळायचं की थांबायचं?

(अमळनेर इथं डिसेंबरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही, त्या खानदेशात मी बर्फावर गाडी चालवण्याबद्दल बोलायला उभा आहे. हसा, मलाही हसू येतंय. पण ३ ऑक्टोबर २०२० ला हिमाचलात रोहतांग खिंडीखालच्या अटल बोगद्याचं उद्‌घाटन झालं. ९.०२ किलोमीटरचा बोगदा पार केला की माणूस मनालीपलीकडच्या लाहौल खोऱ्यात. आता आपल्याकडची पोरंसुद्धा धुळे-इंदूर करत घरची गाडी घेऊन मनालीला निघतात. गाडी कोणती? अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट. मी त्या भागात बरीच वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, म्हणून आयोजकांनी मला धरून आणलंय.

या सगळ्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या. वडिलांच्या काळातली अॅम्बॅसिडर मागच्या चाकांनी ढकलली जायची. १९८३ ला मारुती ८०० आली आणि इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढच्या चाकांवर येऊन बसलं. गाडीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढे. त्यामुळे सपाटीवरच्या बर्फात ही गाडी सुटते छान, अॅम्बॅसिडरपेक्षा कितीतरी बरी. आणि माणूस तिथंच फसतो. निघाली म्हणजे थांबेलही, असं त्याला वाटतं.

आपल्याकडे एकाच बैलाला औत, गाडी आणि मोट अशा तिन्हींना जुंपलं तर शेजारी हसतील. इथं मात्र पुढची दोन चाकं ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा भारही तीच घेतात. टायरजवळची पकड ठरावीक असते. कोरड्या डांबरावर तिच्या खिशात शंभर रुपये आहेत असं धरा. दाबून बसलेल्या बर्फावर तीस उरतात, काचेसारख्या गोठलेल्या थरावर दहा-पंधरा. तीसातले पंचवीस तुम्ही ब्रेकवर खर्च केले, तर वळायला काय राहिलं? हिशोब मीटरमध्ये सांगतो. ताशी ४० वेगाला कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी नऊ-दहा मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तीस मीटर, गोठलेल्या थरावर साठ. साठ मीटर म्हणजे आपल्या या सभागृहाच्या दारातून पार समोरच्या गल्लीच्या टोकापर्यंत.

माझीच फजिती ऐका. उतार, डावं वळण, डोंगराच्या सावलीतला रस्ता. ऊन पडलेला भाग ओला दिसत होता, सावलीतला काळा चकचकीत. मी तोही ओलाच समजलो. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, गाडी सरळच. अजून फिरवलं, तरी सरळच. आपल्या भाषेत सांगायचं तर गाडी आयकतच नही. घाबरून मी स्टिअरिंग शेवटापर्यंत मुरगाळलं. पुढे कुणीतरी राख टाकलेला पट्टा होता. चाकं त्यावर चढली, पकड एकदम परत आली आणि पूर्ण मुरगाळलेल्या चाकांनी गाडी झटक्यात डावीकडे डोंगराच्या कडेला नेऊन बर्फाच्या ढिगात घुसवली. बंपर गेला, नशीब म्हणायचं. उजव्या वळणावर असतो तर गाडी उजवीकडे गेली असती, आणि तिकडे ढीग नव्हता, दरी होती.

नाक सरळ जायला लागलं की करायचं उलटं: अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, स्टिअरिंग थोडं सोडा, ब्रेक नाही, आणि एक श्वास थांबा. चाकांनी पुन्हा पकड घेतली की हाताला जाणवतं. हलकं झालेलं स्टिअरिंग जड होतं. मग वळवा. पाय ‘हळूच’ म्हटलं ते मुद्दाम. वळणात झटकन काढलात तर वजन पुढे धावतं, शेपूट हलकं होतं आणि मागची बाजू बाहेर फेकली जाते. तेव्हा शेपूट ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टिअरिंग द्या, क्लच दाबा. आणि हँडब्रेक? तो फक्त मागची चाकं जाम करतो. बर्फावर चालत्या गाडीत तो ओढला की गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

निघताना दुसरा गिअर, क्लच लोण्यातून सुरी काढावी तसा सोडायचा. उतारावर आधीच दुसऱ्यात घ्या. धाडकन पहिल्यात टाकला तर इंजिनच पुढची चाकं अडवून धरतं. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर पायाखाली पेडल थरथरतं, घाबरून पाय काढू नका. त्यानं गाडी लवकर थांबेलच असं नाही, भुसभुशीत बर्फात उलट जास्त लांब जाते, पण वळवता येते.

बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या पुढच्या दोन्ही चाकांना. मी मागच्या चाकांना चढवून अडकलेली वॅगनआर पाहिली आहे. जुन्या ट्रकवाल्यानं सांगितलं म्हणे! आणि चढ चढत नसेल तर, तिथले टॅक्सीवाले करायचे ती युक्ती: गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढवायची. सरळ चढताना वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकं हलकी होतात. उलटं चढताना तीच चाकं उताराच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावर. मागे रस्ता मोकळा असेल तरच हे.

साध्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक होतं. थंडीत आपल्या धुळ्यातही पारा कधीकधी तिथं जातो, पण ते पहाटेपुरतं. तिकडे हिवाळी टायर घालणार असाल तर चारही घाला. पुढे दोनच घातले तर नाक धरेल आणि शेपूट सुटेल.

एक गंमत. काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर टायरच्या खाचा चिखलानं भरल्या की चाक चोपडं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. बर्फात थोडं उलट आहे. खाचांत बसलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो, म्हणून हिवाळी टायरना बारीक खाचा खूप ठेवतात. चिखलातला अनुभव तिथं जशाच्या तसा चालत नाही.

बर्फात अडकून इंजिन चालू ठेवून बसायची वेळ आली, तर आधी उतरा आणि सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बर्फानं बुजलं तर विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

मागून एक दादा विचारताहेत, इथं सराव कुठे करायचा? पहिल्या पावसानंतर गावाबाहेरचं एखादं मोकळं, ओलं मैदान बघा. वेग पंधराच्या आत. नाक कधी सुटतं ते हाताला ओळखू द्या. शेजारी वडिलांना मात्र बसवू नका, ते हँडब्रेक ओढतात.