फुगलेला कपॅसिटर

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला प्लास्टिकचा कारखाना. पॅनेलचं दार उघडलं की तापलेल्या इन्सुलेशनचा वास नाकात शिरतो. खालच्या रांगेतला हा कपॅसिटर पाहा. डोकं फुगलंय, कडेनं तेल पाझरलंय. वर्षभरातला हा तिसरा. दर वेळी बोल लागला तो मालाला, नाहीतर आपल्या खाऱ्या, दमट हवेला.

"सर, परत असाच आणू?" वायरमन विचारतो.

नको. आधी मोजूया.

वीज खात्याकडून येणारा विजेचा दाब (व्होल्टेज) सेकंदाला 50 आवर्तनं घेतो. पण मशीनवरचे ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारी उपकरणं, करंट सलग घेत नाहीत. दाब माथ्याजवळ आला की तेवढ्यापुरता गचके देत ओढतात. त्या तुटक करंटमध्ये 250, 350, 550, 650 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या आवर्तनांच्या, लहरी मिसळलेल्या असतात. याच हार्मोनिक्स. साधा क्लॅम्प मीटर असा करंट बऱ्याचदा कमी दाखवतो, म्हणून तुटक करंटही बरोबर मोजणारा ट्रू आरएमएस मीटरच हवा.

250 हर्ट्झला कपॅसिटरचा अडथळा पाचपटीनं घटतो. लहर सरळ त्याच्यात घुसते. त्यात कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरचा रेझोनन्स, म्हणजे दोघांची मिळून नैसर्गिक लय, तिथेच जुळला, तर ती कित्येक पटींनी फुगते. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारायला बसवलेली कपॅसिटरची बँकच, म्हणजे संचच, आग भडकवते, हे मालकांना पटवताना माझी अनेकदा दमछाक झाली आहे.

ऑफिसकडे जाणाऱ्या वीजवाहिनीची, फीडरची, तऱ्हा वेगळी. कॉम्प्युटर, एलईडी दिव्यांची 150 हर्ट्झची लहर तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकत्र होते. लोड समतोल असूनही न्यूट्रल तापते. तिथे न्यूट्रलची तार बारीक ठेवणं धोक्याचं.

उपाय? प्रत्येक ड्राइव्हच्या आधी चोक, म्हणजे करंटचे गचके मऊ करणारी तारेची गुंडाळी. मोठ्या लोडला 12 पल्सची रचना, म्हणजे एका आवर्तनात सहाऐवजी बारा ठोक्यांत करंट घेणारी. तिच्यात पाचवी आणि सातवी (250 आणि 350 हर्ट्झची) लहर आपोआप मारली जाते. लोड सतत बदलत असेल तर उलटी लहर सोडून हार्मोनिक्स मारणारा ॲक्टिव्ह फिल्टर, महाग असला तरी.

इथे कपॅसिटरच्या आधी 7 टक्क्यांचा रिअॅक्टर बसतोय, म्हणजे चोकसारखीच गुंडाळी, 50 हर्ट्झला जिचा अडथळा कपॅसिटरच्या 7 टक्के. त्यानं जोडीचा रेझोनन्स 189 हर्ट्झवर, म्हणजे 250च्या खाली येतो. मात्र कपॅसिटरवरचा दाब 415चा 446 व्होल्ट होतो. वायरमननं गाडीतून 440चे खोके उतरवले होते. ते परत गेले, 525चे आले. रिअॅक्टर तापणार, म्हणून पॅनेलच्या वरच्या बाजूला पंख्यासाठी जागा कापली जातेय.