मेशमधल्या शेवटच्या घराला नेट का पुरत नाही?

नमस्कार मंडळी. शिवाजी पेठेतला एखादा बोळ डोळ्यासमोर आणा. तोंडाशी फायबरचं कनेक्शन, तो आपला गेटवे. पुढची तीन घरं गच्चीवरच्या वायफाय मेशनं एकामागे एक जोडलेली. वर्गणी सगळ्यांची सारखी. पहिल्या घरात सिनेमा झकास चालतो आणि तिसऱ्या घरातल्या पोरीचा ऑनलाइन क्लास सारखा अडकतो. पाटाच्या टेलला ज्याचा ऊस आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको.

आता असं का होतं ते बघू. तिन्ही घरं एकाच चॅनलवर, म्हणजे एकाच रेडिओ लहरीच्या पट्ट्यावर आहेत. तिसऱ्याचं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, आधी दुसऱ्याकडे, मग पहिल्याकडे, मग गेटवेला जातं. म्हणजे हवेत तीनदा पाठवावं लागतं. पहिल्याचं एकदाच. त्यात तिसऱ्याला पहिल्याचा सिग्नल ऐकूच येत नाही. पहिला बोलत असतानाच हा पाठवतो, आणि मधल्या घराशी दोन्हींची टक्कर होते. वायफायचा नियम असा की टक्कर झाली की थांबायची कमाल मुदत दुप्पट करायची. १५ स्लॉटपासून (स्लॉट म्हणजे वेळेचा अगदी छोटा तुकडा) वाढत ती १०२३ पर्यंत जाते. पहिल्याचं पॅकेट गेटवेला नीट पोचतं, म्हणून त्याला टक्कर कळतही नाही, तो लगेच पुढचं पॅकेट सोडतो. नियम दोघांना एकच, तरी मागचा मागेच पडत जातो.

(बोर्डकडे) आकडे मांडू. समजा हवेत एकूण ३० एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट) मावतात. मोकाट सोडलं तर पहिल्याला २१, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १ असं होऊ शकतं. बेरीज २५. हवेचा हिशोब मात्र २१, अधिक ३ दुणे ६, अधिक १ त्रिक ३, असे पूर्ण ३०.

वाटप किती न्याय्य हे मोजायला संगणकशास्त्रज्ञ राज जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली एक निर्देशांक मांडला. बेरजेचा वर्ग करा, त्याला घरांची संख्या गुणिले वर्गांची बेरीज, यानं भागा. सगळ्यांना सारखं मिळालं तर उत्तर १. आपल्या बोळाचं येतं ०.४६.

हवेतला वेळ सारखा वाटला, प्रत्येकाला एक तृतीयांश, तर १०, ५ आणि ३.३ मिळतात. निर्देशांक ०.८२. वेग सारखा केला तर ५, ५, ५. निर्देशांक १, पण बेरीज १५ वर येते. म्हणजे न्यायाची किंमत आहे, आणि ती पहिलं घर मोजतं. मोठ्या नेटवर्कमध्ये वेळेची वाटणी बरी, कारण एका लांबच्या घरापायी सगळेच खाली येत नाहीत. आपल्या बोळात मी सारख्या वेगाच्या बाजूनं आहे. शेवटच्या घरानं आपली जागा निवडलेली नाही आणि वर्गणी त्यानं पूर्ण भरली आहे.

हे करायचं कसं? गेटवेच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली असेल तर तिच्या एसक्यूएम या रांग सांभाळणाऱ्या सोयीत केक ही पद्धत निवडा आणि वाटणी आयपीनुसार, म्हणजे नेटवर्कमधल्या पत्त्यानुसार लावा. एका घराचा एकच आयपी ठेवा, नाहीतर ज्या घरात मोबाईल जास्त, त्याचा वाटा मोठा होतो. डाउनलोडची मर्यादा १२ ठेवा. १५ का नको? पहिलं घर बंद असेल आणि मागची दोनच चालू असतील तर हवेत १२ च मावतात: ६ दुणे १२, ६ त्रिक १८, झाले ३०. मर्यादा त्याहून वर गेली की पॅकेटांची रांग गेटवेवरून निसटून गच्चीवर लागते, आणि तिथं केकचं काही चालत नाही. पहिल्या घराला एकट्यानं ३० मिळायचे, ते आता १२ होतील. त्यांना आधी विश्वासात घ्या. अपलोडची मर्यादा मात्र प्रत्येक घराच्या राउटरवरच लावावी लागते.

चाचणी तिन्ही घरांत एकाच वेळी घ्या. तिसऱ्या घरानं एकट्यानं घेतली तर तिथंही १० दिसतील आणि त्याची तक्रार कुणालाच पटणार नाही.