मिक्सरनंतरचा व्हॉल्व्ह

विषय छापलाय 'स्टॅटिक मिक्सरची निवड आणि जोडणी'. स्टॅटिक मिक्सर म्हणजे पाइपात पक्की बसवलेली, न फिरणारी पाती; इथे ती पाण्यात वायू विरघळवायला. तिकडे येतोच. आधी मिक्सरच्या माहितीपत्रकांतल्या एका आकड्याचा समाचार घेऊ. एक पातं प्रवाहाचे दोन भाग करतं, दुसरं चार, बारा पाती म्हणजे ४,०९६. गणित बरोबर आहे, पण ते इपॉक्सीचं! घट्ट द्रव संथ वाहतो, त्याचे थर टिकतात. ५० मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदाला दीड मीटरने धावणाऱ्या पाण्याचा रेनॉल्ड्स आकडा, म्हणजे प्रवाह किती खळबळतो त्याचं माप, ७५,००० च्या आसपास. त्या खळखळाटात थर कोण मोजणार? (हशा)

पाण्यात पाती बुडबुडे फोडतात, बस. एक लिटर वायूचे ३ मिलिमीटरचे बुडबुडे केले तर पृष्ठभाग २ चौरस मीटर, ०.३ मिलिमीटरचे केले तर २०. वायू याच पृष्ठभागातून पाण्यात उतरतो. मात्र जास्तीत जास्त किती उतरेल, हे हेन्रीच्या नियमाने दाब ठरवतो. २५ अंशांना उघड्या हवेखाली लिटरमागे ऑक्सिजन सुमारे ८.३ मिलिग्रॅम. एकूण दाब ३ बार केला की २५ च्या घरात. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन सोडला की त्याच्या जवळपास पाचपट. मिक्सर त्या मर्यादेपर्यंत लवकर पोचवतो, ती वाढवत नाही.

आणि तरीही प्रवाह आवळायचा व्हॉल्व्ह मिक्सरच्या आधी! पंपाने कमावलेला दाब तिथेच उधळला, मिक्सर जवळजवळ उघड्या टाकीच्या दाबावर राबतोय. मग चार पाती वाढवतात, ऑक्सिजनचा मीटर ढिम्म. तोच व्हॉल्व्ह उचला, मिक्सरनंतर काही मीटर सरळ पाइप सोडून बसवा. तिथे व्हॉल्व्ह हवा. (हशा) ही 'हवा' वेगळी.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर जोडणी, भराभर. वायू मिक्सरला अगदी लागून आधी सोडा, वायूच्या लाइनीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ठेवा, नाहीतर पंप थांबला की पाणी वायूच्या नळीत. पंपाच्या सक्शनला वायू देऊ नका, पंप हवा धरतो. आडव्या पाइपात वेग कमी पडला की बुडबुडे छताला चिकटतात. उभ्या पाइपात पाणी खाली नेत असाल तर बुडबुडा सेकंदाला २०-२५ सेंटिमीटर वर चढतो हे धरून वेग बराच जास्त ठेवा. प्रवाह दुप्पट केला की मिक्सरमधली दाबघट साधारण चौपट. पाण्यातला नायट्रोजन उलट बुडबुड्यात शिरतो, त्यामुळे बुडबुडे पूर्ण संपत नाहीत. पुढे व्हेंट ठेवा. ओझोन असेल तर नैसर्गिक रबराचं गॅस्केट नको, तडे जातात. टेफ्लॉन वापरा.

आता हिशेब. तासाला १० घनमीटर पाणी, ऑक्सिजन लिटरमागे १० मिलिग्रॅमने वाढवायचा: तासाला १०० ग्रॅम, म्हणजे वातावरणाच्या दाबाला सुमारे ७६ लिटर. ३ बारला तो पाण्याच्या पाव टक्का भरतो, इतका थोडा. सगळा विरघळत नाही, म्हणून थोडा जास्त सोडा. पण रोटामीटर (तरंगत्या फ्लोटने वायूचा प्रवाह दाखवणारी नळी) वातावरणाच्या दाबाला आखलेला आणि त्यातून वायू ३ बारने जातोय, तर दिसतो त्याच्या १.७ पट जातो. ७६ हवेत तर फ्लोट ४४ वर.